कपाटातलं व्हर्मूथ

माझी धाकटी जाऊ आमच्या बल्लारपूरच्या घरी राहायला आली तेव्हा तिच्या सामानात एक खोकं होतं. त्यावर जाड स्केचपेननं लिहिलेलं होतं, ‘काच. माझ्याशिवाय कोणी उघडू नये.’ घरात पाऊल टाकताच तिनं ते स्वतः उचलून वर नेलं. बाकीचं सामान नवरा आणि दीर उचलत होते. मी चहा ठेवत होते. तेव्हाच मला वाटलं होतं, की हिचं आणि माझं जमणार नाही.

दिराची बदली इकडच्या कोळसा खाणीत झाली होती. क्वार्टर मिळेपर्यंत म्हणून ते दोघं वरच्या मजल्यावर राहणार होते. पुण्यात एका मोठ्या हॉटेलात ती सहा वर्षं बारच्या काउंटरमागे उभी राहिलेली. मुलगी असून दारूचे ग्लास भरते, हे लग्नाच्या वेळी आमच्या नात्यात बरेच दिवस चघळलं गेलं होतं. चघळणाऱ्यांत मी होतेच.

माझं माहेर मुलचेऱ्याकडचं. गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि ती यावी म्हणून ज्या बायका तहसीलवर जाऊन बसल्या त्यांत माझी आई होती. लहानपणी मोहाच्या दारूचं मडकं फुटल्याचा आवाज मी ऐकलेला आहे. अशा घरातून मी या घरात आले, आणि इथे सासरे रोज पिणारे. त्यांना आम्ही मामाजी म्हणतो. कागद कारखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली. भांडण नाही, शिवी नाही, फक्त संध्याकाळी खोलीचं दार लोटून घ्यायचे आणि स्टीलच्या पेल्यात व्हिस्की. बुद्धपौर्णिमेला आणि जयंतीच्या दिवशी हात लावायचे नाहीत. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातही काही वर्षं बंदी होती, तेव्हासुद्धा त्यांना मिळत असे. कुठून, ते मी कधी विचारलं नाही.

सासूबाई गेल्यावर त्यांचं पिणं वाढलं. डॉक्टरांनी लिव्हरचे आकडे दाखवून कमी करायला सांगितलं. ते काम मी अंगावर घेतलं. बाटलीच्या लेबलावर बॉलपेननं खूण करायची, दारू त्या रेषेखाली किती गेली ते सकाळी पाहायचं, बाटली धान्याच्या कोठीत लपवायची, जेवताना टोमणा मारायचा. नवरा म्हणायचा, “जाऊ दे न, म्हातारं माणूस आहे.” पण मी सोडलं नाही. चार वर्षं मी हे केलं आणि रेष खालीच जात राहिली.

ती आली त्या हिवाळ्यात, तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात, तिनं जेवताना सगळ्यांसमोर मामाजींना विचारलं, की शनिवारी गच्चीवर येणार का, मी एक प्रकार करते, तो पिऊन पाहा. पण एकच मिळेल, दुसरा मागायचा नाही. मी भाताचा चमचा हातात धरून थांबले. आता हे चिडतील असं मला वाटलं. मामाजी हसले. सासूबाई गेल्यानंतर ते जेवताना हसल्याचं मला आठवत नाही.

शनिवारी दिवेलागणीला ती खोक्यातले ग्लास घेऊन वर आली. लांब दांडीचे, वर पसरट, दुपारपासून फ्रीझरमध्ये ठेवलेले. त्यांच्यासाठी माझ्या वाटाण्याच्या पिशव्या तिनं बाहेर काढून ठेवल्या होत्या; ते मी पाहिलं होतं. एका काचेच्या जगमध्ये बर्फ घेतला, छोट्या मापानं जिन घातली, मग दुसऱ्या बाटलीतलं फिकट पिवळसर काहीतरी घातलं आणि लांब चमच्यानं ढवळत बसली. आवाज जवळजवळ नाहीच. मग गाळून ग्लासात, आणि वरून लिंबाच्या सालीची एक पट्टी पिळून टाकली. लिंबू माझ्या कुंडीतलं.

मामाजींनी विचारलं, हे दुसरं काय घातलं. ती सांगू लागली, की याला व्हर्मूथ म्हणतात, ही द्राक्षांची वाइनच, पण तिच्यात कडू झाडपाला आणि मसाले मुरवलेले असतात. मार्टिनीत, म्हणजे या प्रकारात, लोक ते थेंबभर घालतात, पण तुमच्यासाठी मी अर्धं-अर्धं घेतलंय, म्हणजे नशा कमी आणि चव जास्त. मामाजींनी एक घोट घेतला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, “जंगलात गेल्यावानी वाटते.” मग पाऊण तास तो ग्लास पुरवला. कारखान्यात बांबू घेऊन येणाऱ्या रेल्वेच्या वाघिणींबद्दल बोलले, पोंभुर्ण्याच्या एका मित्राबद्दल बोलले. मी या घरात एकोणीस वर्षं होते आणि तो मित्र मला तेव्हा कळला.

पुढच्या शनिवारी त्यांनी दुपारी दाढी केली. नवरा, जो कधी पाण्याचा ग्लास उचलून ठेवत नाही, तो बर्फाचे ट्रे भरून ठेवू लागला. आणि एके दिवशी सकाळी मी कोठीतली बाटली पाहिली तर दारू तीन दिवसांपूर्वीच्या रेषेपाशीच होती.

मला आनंद व्हायला हवा होता. मी बाटली परत ठेवली आणि तांदळाच्या डब्याला पाठ टेकवून तिथेच बसून राहिले. चार वर्षं वाईटपणा मी घेतला होता. डॉक्टरकडे मी नेत होते, पथ्याचं मी करत होते, आणि ही पुण्याहून येते, दोन बाटल्या आणि एक चमचा घेऊन बसते, आणि म्हातारा दाढी करतो. त्या दिवशी कॉलेजात मी विनाकारण एका मुलीला वर्गाबाहेर काढलं.

मी चंद्रपूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते. हे इथे सांगायचं कारण असं, की जिनच्या बाटलीवर काय लिहिलेलं असतं ते मी एकदा ती वर नसताना वाचलं. जुनिपर, धने, अँजेलिकाचं मूळ, लिंबूवर्गीय साली. म्हणजे ती ज्याचा तोरा मिरवत होती ती सगळी माझी झाडं. जुनिपर मी अकरावीला अनावृत्तबीजी वनस्पतींत दरवर्षी शिकवते. कॉलेजच्या संग्रहालयात मी एमएस्सीच्या सहलीत हिमाचलातून आणलेल्या जुनिपरच्या फळांची, खरं तर शंकूंची, डबी आहे. दुसऱ्या दिवशी मी ती उघडली, दोन फळं नखानं फोडली आणि वास घेतला. आधी डांबराच्या गोळ्यांचाच वास आला. मग त्याच्याखालून, खूप जुना, राळेचा आणि थंडीचा वास आला. मी तिथेच ठरवलं, की ही गोष्ट मी तिच्यापेक्षा चांगली करून दाखवीन.

चंद्रपुरातल्या एका दुकानात गेले. स्कार्फ बांधूनच गेले, न जाणो पालक भेटायचे. दुकानदारानं जिनच्या दोन बाटल्या काढल्या आणि साहेबांसाठी का म्हणून विचारलं. मी व्हर्मूथ मागितलं तेव्हा तो विचारात पडला आणि म्हणाला, “ते मेडिकलमध्ये भेटन, मॅडम.”

मार्चअखेरीस पेपर तपासणीच्या बैठकीसाठी नागपूरला जायचं होतं. तिथलं दुकान मोठं, कपड्याच्या शोरूमसारखं उजेडाचं. मालक समजूतदार होता. गोड तांबडं व्हर्मूथ वेगळं आणि कोरडं पांढरं वेगळं, मार्टिनीला पांढरं लागतं, एवढं मी फोनवर वाचून गेले होते. त्यानं साध्या कोरड्या जिनची एक बाटली दाखवली, तिच्यात जुनिपर पुढे होतं. अगदी जाऊ वापरते तशीच. आणि दुसरी दाखवली, गोव्याकडची, निळ्या काचेची, जिच्यावर वीसेक वनस्पतींची नावं होती, जाई, वेलची, गुलाबसुद्धा. तो म्हणाला, पहिल्यांदाच करत असाल तर साधी घ्या, व्हर्मूथशी तिचं जमतं. मी निळी घेतली. तिच्यापेक्षा माझ्यात जास्त झाडं असली पाहिजेत, एवढाच हिशोब माझ्या डोक्यात होता. व्हर्मूथही लहान बाटलीत मिळत होतं, मी मोठी घेतली.

घरी आणल्यावर प्रश्न आला, ठेवायचं कुठे. फ्रिज एकच, तोही दोघींचा. म्हणून मी दोन्ही बाटल्या माझ्या कपाटात, साड्यांच्या मागे ठेवल्या. ज्या घरात मी एका माणसाच्या बाटल्या शोधत हिंडत होते त्याच घरात मी स्वतःच्या लपवल्या, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. दुपारी कॉलेजातून लवकर आले आणि ती वर फोनवर असली, की मी स्वयंपाकघरात वाटीत थोडं थोडं करून पाहायची. जिभेवर टेकवायचं आणि थुंकायचं. पहिल्यांदा घशाला झोंबलं आणि आईची आठवण आली. दुसऱ्यांदा आली नाही.

एप्रिल लागला. इथला एप्रिल म्हणजे कपाटाचं हँडल हाताला चटका देतं. खोलीत कूलर फक्त आम्ही असतो तेव्हा चालतो. मे महिना आला तसं मला व्हर्मूथ जरा वेगळं लागायला लागलं, पण मला वाटलं, आपल्याला चव कळायला लागली.

मग जाऊ पंधरा दिवसांसाठी आईकडे पुण्याला गेली. पहिल्याच शनिवारी मी मामाजींना म्हटलं, आज मी करते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बरं म्हणाले. दाढी केलेली नव्हती. मी तिचेच ग्लास घेतले. तिच्यासारखंच अर्धं-अर्धं माप, तिच्यासारखंच ढवळणं, तेवढाच वेळ. नवऱ्यानं बर्फ आणून दिला आणि खाली गेला. रंग तिच्यापेक्षा गडद आला, तांबूस. मला तो अधिक श्रीमंत वाटला.

मामाजींनी घोट घेतला. गिळला. ग्लास कठड्यावर ठेवला आणि बराच वेळ रस्त्याकडे पाहत बसले. मी विचारलं, कसं झालंय.

“काऊन, दवाई टाकली का याच्यात?” ते म्हणाले. मग माझा चेहरा पाहून म्हणाले, चांगलंच आहे, मले जरा बरं वाटत नाई आज.

दुसरा घोट त्यांनी घेतला नाही. थोड्या वेळानं ते उठले, जिना उतरले, आणि मला खाली त्यांच्या खोलीचं दार लोटल्याचा आवाज आला. मग पेल्याचा.

मी खाली गेले. दार ढकललं. एकोणीस वर्षांत मी त्या दाराशी अशी कधी गेले नव्हते. आणि जे बोलायला नको ते सगळं बोलले. तुमचं सगळं मी केलं, ती येऊन सहा महिने झाले नाहीत, तिच्या हातचं विषसुद्धा तुम्ही गोड मानून घ्याल, मी मात्र वाईट. मी रडत होते आणि रडताना मला माझीच लाज वाटत होती, म्हणून आणखी मोठ्यानं बोलत होते.

ते पलंगावर बसले होते, पेला हातात. माझं संपेपर्यंत थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, “बाई, ते लहानी बाटली माह्यासमोर ठेवते. तू लपवते. तुले वाटते मले समजत नाई. कोठीत आहे हे मले पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तू रेष मारते तेही माहीत आहे.”

“मग पिता कशाला?”

“रेष दिसली का मले चोरावानी वाटते. चोरावानी वाटलं का मी अजून पेतो.” त्यांनी पेला खाली ठेवला. “ते मले मोजून देते, पण विचारून देते. तू चांगल्यासाठीच करते, हे काय मले समजत नाई? पण तुह्यासमोर मी गुन्हेगारच राह्यतो.”

मी बाहेर आले. मला पटलं असं मी म्हणणार नाही. मला एवढंच कळलं, की ही जिंकली आणि घरात नसतानाही जिंकली. तो आठवडा मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. पण कोठीतली बाटली मी काढली आणि त्यांच्या खोलीतल्या टेबलावर नेऊन ठेवली. खूण केली नाही. त्यांनी पाहिलं, मान हलवली.

जाऊ परत आली. मामाजींनी तिला फोनवर सांगितलंच होतं, की मोठीनंही केलं होतं. चांगलं की वाईट, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. रविवारी सकाळी मी मेथी निवडत असताना ती माझ्याजवळ येऊन बसली आणि विचारलं, ताई, कोणती जिन घेतली होतीत. मला वाटलं, आता टोमणा येणार. मी कपाटातून दोन्ही बाटल्या आणून तिच्यापुढे ठेवल्या.

तिनं व्हर्मूथ चमचाभर घेऊन जिभेवर ठेवलं. चेहरा वाकडा होऊ दिला नाही. ते सहा वर्षांच्या काउंटरचं शिक्षण असणार.

“कधी उघडलंत हे?”

“एप्रिलच्या सुरुवातीला.”

“फ्रिजमध्ये नव्हतं?”

“नाही.”

“ताई, ही वाइनच हो. उघडली की थंड ठेवायची आणि महिना-दीड महिन्यात संपवायची. म्हणून लहान बाटली घ्यायची.” मग तिनं अगदी सहज विचारलं, “फ्रिजमध्ये का नाही ठेवलंत?”

मी म्हणू शकले असते, जागा नव्हती. वाटाण्याच्या पिशव्यांचा विषयही काढू शकले असते. पण त्या खोलीतल्या बोलण्यानंतर माझ्यात खोटं बोलण्याची ताकद राहिली नव्हती.

“तुला दिसलं असतं म्हणून,” मी म्हटलं. “मामाजी तुझं ऐकतात, हे मला बघवत नाही.”

तिनं मेथीची दोन काडं उचलली, पानं खुडली. ती हसली असती तर मी तिला कधी माफ केलं नसतं. ती हसली नाही. मग म्हणाली, “मला दिसत होतं ते. काय करावं कळत नव्हतं.” आणि उठून वर गेली. मला वाटलं, संपलं.

पण ती परत आली ती तिची जिन, माझी निळी जिन आणि दिराच्या मित्रानं दिलेली आणखी एक अर्धी बाटली घेऊन. तीन वाट्यांत थोडी थोडी ओतली, वर पाण्याचे थेंब टाकले, म्हणाली, डोळे मिटा आणि फक्त वास घेऊन सांगा, तुम्हाला झाडं कळतात. मी वास घेतला. पहिलीत जुनिपर सरळ समोर, मागे धने, त्याच्या मागे सुकलेली लिंबाची साल. दुसरी माझीच, जाई आणि वेलची इतकी पुढे की जुनिपर दबून गेलेलं. तिसरीत संत्र्याची साल, थोडी दालचिनी आणि मातीखालच्या मुळासारखं काहीतरी, वाळ्याच्या जवळचं पण वाळा नाही. ती म्हणाली, ते अँजेलिका असेल, मला हॉटेलात सहा वर्षांत ते कधी वेगळं ओळखता आलं नाही. हे ऐकून मला जे झालं ते सांगायला हवं. मला ते गोड वाटलं. तिला येत नाही आणि मला येतं, याचं गोड वाटलं.

मग आम्ही दोघींनी ठरवलं. जिन साधीच, जुनिपरची, कारण व्हर्मूथमध्येच इतका पाला असतो की फुलांची जिन त्याच्याशी भांडते. निळी सोड्यात घालून संपवायची. व्हर्मूथ पांढरं, कोरडं, लहान बाटली, उघडल्याची तारीख कागदाच्या पट्टीवर लिहून फ्रिजच्या दारात. गेलेलं व्हर्मूथ मी मोरीत ओतलं. सगळ्या घराला दवाखान्यासारखा वास येत होता.

त्या पावसाळ्यात एका शनिवारी ती म्हणाली, आज तुम्ही करा, मी बसते. मी केलं. मामाजींना कोणी काही सांगितलं नव्हतं, पण मी जगपाशी उभी आहे हे त्यांना दिसत होतं. त्यांनी घेतलं आणि शेवटपर्यंत प्यायलं. छान म्हणाले नाहीत. तिच्या पहिल्या ग्लासाला ते जंगल म्हणाले होते, माझ्याला काहीच म्हणाले नाहीत, आणि मी वाट पाहत होते. रिकामा ग्लास त्यांनी माझ्या हातात दिला आणि उद्या डॉक्टरकडे कितीला जायचं ते विचारलं. त्या वेळचे आकडे आधीपेक्षा बरे निघाले. डॉक्टर म्हणाले, पूर्ण सोडा. मामाजी म्हणाले, पाहतो.

क्वार्टर मिळायचं राहिलंच; दीड वर्षानं दिराला हैदराबादला चांगली नोकरी लागली आणि ते दोघं गेले. ग्लास ती मला देऊन गेली, सहापैकी चार. ती गेल्यावर मामाजी काही आठवडे गच्चीवर चढलेच नाहीत. मी विचारायची, आज करू का, ते म्हणायचे, राहू दे. मला पुन्हा तसंच टोचायचं. मग एक दिवस स्वतःच म्हणाले, चल. आता महिन्यातून एखाद्या वेळेस होतं. व्हिस्की बंद आहे असं मी छातीठोक म्हणणार नाही. मी पाहत नाही. बोलतात मात्र, मलाही त्यांच्या मित्रांची नावं आता पाठ आहेत. लोकांसमोर अजूनही “माही लहान सून लय हुशार” असंच म्हणतात, आणि मी आत कणीक मळत असले तर हात थांबतो. तो थांबायचा राहील असं मला वाटत नाही.

हैदराबादमध्ये दुकानं मोठी आहेत. ती कधीकधी दुकानात उभी राहून मला बाटल्यांच्या लेबलांचे फोटो पाठवते. ताई, यात हे आहे, हे आहे, व्हर्मूथशी जमेल का? मी लेबल वाचते, काय घ्यावं ते मला लगेच कळतं. उत्तर मात्र जरा थांबून देते. ती दुकानात ताटकळत उभी असेल, हे मला माहीत असतं.